तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिएतनाममध्ये महाराजांचं नाव घेतात का?

लग्नात विचारतात, बँकेत विचारतात, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घातलेला असताना विचारलं. "तुम्ही व्हिएतनामला जाऊन आलात ना, मग ते खरंय का हो?" ते म्हणजे काय हे कोणी सांगत नाही, सांगायची गरजही नसते. तोच फॉरवर्ड. एवढ्याशा व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून, मग त्यांच्या परराष्ट्रमंत्री बाई भारतात आल्या, त्यांना लाल किल्ला दाखवला, गांधीजींची समाधी दाखवली, तर त्या म्हणाल्या महाराजांची समाधी कुठंय, मग रायगडावर गेल्या, तिथली माती सोबत नेली, आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्षाच्या थडग्यावर म्हणे लिहिलंय की शिवाजी महाराजांचा एक मावळा इथे विसावलाय.

मी आजवर चार-पाच प्रकारची उत्तरं दिलीयत, समोरचा माणूस बघून. आज एकदाच काय ते लिहून टाकतो.

आधीच सांगतो, मी सातारचा आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलोय, तेव्हा "तुम्हाला महाराजांबद्दल आदर नाही" हे माझ्याशी बोलू नका. आणि हा फॉरवर्ड मी स्वतः किमान तीन ग्रुपवर टाकलेला आहे, खालच्या "मराठी असाल तर पुढे पाठवा" सकट. तेव्हा दुसऱ्यांना हसायचा मला हक्क नाही, हेही मान्य.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बायको आणि मी गेलो. निघताना बाबांनी दोन कामं दिली होती. एक, थडग्यावरच्या त्या ओळीचा फोटो. दोन, ह्वेचा, म्हणजे त्यांच्या जुन्या राजधानीचा, किल्ला नीट बघून येणे, "नुसतं सेल्फी काढून येऊ नकोस, तट बघ, दरवाजे बघ". बाबा वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत रोज सकाळी अजिंक्यतारा चढायचे. त्यांचा पासपोर्ट कधी निघालाच नाही.

पहिलं काम हनोईतच बोंबललं. त्यांचा युद्धकाळातला राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह, त्याला पुरलेलंच नाहीये. १९६९ साली गेलेला माणूस, अजून काचेच्या पेटीत झोपवून ठेवलाय, लोक रांगेने गुपचूप जातात, फोटो काढायचा नाही, बोलायचं नाही, थांबायचं नाही. थडगंच नाही तर ओळ कोरणार कुठे. फोनवर हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "अरे तो नसेल, दुसरा कुठला तरी असेल." आता फॉरवर्डमध्ये राष्ट्राध्यक्षाचं नाव कधीच नसतं, त्यामुळे यावर काय बोलणार.

मग रात्रभर ट्रेनमध्ये बसून ह्वे. बाकीच्या चौकशा इथेच उरकतो. खायला मिळतं का, तर मिळतं. "चाय" म्हणायचं, चहा नाही, त्यांच्यात चाय म्हणजे शाकाहारी. शहर बौद्ध वळणाचं, पौर्णिमेला आणि महिन्याच्या पहिल्या तिथीला घरोघरी शाकाहार, त्यामुळे बायकोचे हनोईपेक्षा इथे कमी हाल झाले. मी बून बो ह्वे खाल्लं, गवती चहा आणि कोळंबीचा खारवलेला वास असलेलं बीफचं सूप, हे सातारला सांगितलेलं नाही. पाऊस, फेब्रुवारीत पिरपिर, छत्री न्या.

किल्ला मात्र बाबांच्या डोळ्यांनी बघितला. भुईकोट आहे. १८०२ ला न्गुयेन घराण्याचा पहिला सम्राट गद्दीवर आला, झिया लाँग, त्याने १८०५ च्या सुमारास बांधायला घेतला, पुरा झाला त्याच्या मुलाच्या काळात. १० किलोमीटरचा घेर, चोवीस बुरूज, फ्रेंच धर्तीचे कोनाकोनांचे, तट साडेसहा मीटर उंच आणि वीसेक मीटर जाड, बाहेर खंदक. आत राजवाड्याचा वेगळा कोट, त्याच्याही आत सम्राटाच्या खाजगीतला तिसरा. आपल्याकडचे दरवाजे कसे वळणात लपवलेले असतात, शत्रूला हत्ती पळवायला जागाच ठेवायची नाही, तसं इथे काही नाही, सरळ ऐटीत समोरासमोर. नऊ मोठ्या पितळी तोफा आहेत, चारांना ऋतूंची नावं, पाचांना पंचतत्त्वांची, आणि त्या एकदाही लढाईत डागलेल्या नाहीत, नुसत्या शोभेच्या. बाबांना मेसेज केला. उत्तर आलं, "मग किल्ला कसला तो."

समोर निशाणाचा बुरूज. तीन टप्प्यांचा, वर उंच खांब. तिथे मी अर्धा तास उभा राहिलो कारण मला माहीत होतं की १९६८ च्या टेटला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, उत्तर व्हिएतनामच्या कम्युनिस्ट फौजांनी आणि व्हिएतकाँगनी, म्हणजे दक्षिणेतल्या त्यांच्या बंडखोर साथीदारांनी, अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिण व्हिएतनामकडून एका रात्रीत हे शहर जवळपास सगळं घेतलं आणि या बुरुजावर त्यांचं निशाण तब्बल २५ दिवस फडकत होतं. अंगावर काटा वगैरे आला. खोटं कशाला सांगू, मनात "हर हर महादेव" पण म्हणून झालं.

आम्ही उतरलो होतो ते घर तटाच्या आतच होतं, आत वस्ती आहे, गल्ल्या आहेत, तळी आहेत. घरात एक आजी, तिची मुलगी म्हणजे मालकीण, आणि कॉलेजला जाणारी नात. इंग्रजी फक्त नातीला. २६ फेब्रुवारीला संध्याकाळी आम्हाला जेवायला बोलावलं, घरात काहीतरी होतं. तारीख लक्षात आहे कारण त्याच पहाटे बालाकोट झालं होतं आणि माझा फोन सकाळपासून तापलेला, प्रत्येक ग्रुपवर नकाशे, विमानं, मीम्स. आणि त्यांच्या टीव्हीवर आणखी वेगळीच गडबड, ट्रम्प उत्तर कोरियाच्या किमला भेटायला त्या रात्री हनोईत उतरायचा होता.

देव्हाऱ्यासारख्या जागेवर पांढऱ्या शर्टातल्या एका तरुण माणसाचा फोटो, पुढे उदबत्त्या, फळं, वाढलेली ताटं. मला कळायला हवं होतं. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढून ठेवलेलं बघत मोठा झालोय मी. पण मी त्या दिवशी फॉर्मात होतो. टीव्हीवर अमेरिकेचा अध्यक्ष येतोय, ज्यांनी त्याच्या देशाला हरवलं त्यांच्या घरात मी जेवतोय, खिशात तो फॉरवर्ड, यापेक्षा चांगला मोका कुठला. इंग्रजी व्हर्जन काढून फोन नातीच्या हातात दिला.

तिने सगळं वाचलं, सावकाश. मग अगदी नम्रपणे विचारलं, हे कोण?

मी सांगितलं. डोंगर, मावळे, अफजलखान, आग्रा, सगळं. चांगलं सांगितलं असावं, कारण तिने मधेच प्रश्न विचारले. मग म्हणाली, आमच्याकडे पण एक आहे, क्वांग त्रुंग, तुला माहितीये? मला नव्हतं माहीत. तो इथेच ह्वेच्या एका टेकडीवर १७८८ ला सम्राट झाला आणि तडक उत्तरेला निघाला, आणि १७८९ च्या टेटला, चिनी फौज सणात गाफील असताना तिच्यावर तुटून पडला. ज्या झिया लाँगचा किल्ला मी सकाळी मोजत होतो तो या क्वांग त्रुंगच्या घराण्याचा हाडवैरी, जिंकल्यावर त्याने याची कबरसुद्धा उकरली, आणि त्या नऊ तोफा म्हणजे याच घराण्याकडून आलेलं पितळ वितळवून ओतलेल्या. तेराव्या शतकातला त्यांचा सेनापती त्रान हुंग दाओ वेगळाच, त्याने नदीत खुंट रोवून मंगोलांची गलबतं फोडली. ती हे असं सांगत होती जसं आपण तानाजी सांगतो. म्हणजे गनिमी काव्यासाठी यांना रायगडापर्यंत यायची काही गरज नव्हती हे मला तिथेच कळलं, पण ते मी गिळलं आणि भलतंच बोललो.

मी म्हणालो, म्हणजे १९६८ पण तेच! टेट, गाफील शत्रू, अचानक हल्ला! आणि बुरुजाच्या दिशेला हात करून, पंचवीस दिवस निशाण, काय माणसं असतील ती, असं म्हणून अंगठा वर केला. चांगला मोठ्याने.

आजीने विचारलं हा काय म्हणतोय. नातीने भाषांतर केलं नाही. आईने विचारलं, तेव्हा ती दोनच शब्द काहीतरी बोलली. आजीने माझ्या वाटीत आणखी भात घातला. बायको टेबलाखालून पाय मारत होती, म्हणजे तिला माझ्याआधी कळलं होतं.

नंतर भांडी धुताना नातीने सांगितलं. फोटोतला तिचा आजोबा, दक्षिणेच्या सरकारी कचेरीत कारकून. त्या टेटच्या महिन्यात दोन पोरं यादी घेऊन आली, मीटिंग आहे, लगेच परत येतील म्हणाली. थंडी होती म्हणून आजीने स्वेटर दिला. पुढच्या वर्षी शहराबाहेर वाळूत, ओढ्यात जे सापडत गेले त्यात तो होता की नाही हे तिला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही, म्हणून नेला ती तिथी धरतात. या गल्लीत त्या महिन्यात बऱ्याच घरांत श्राद्धं असतात. नेणारी ती पोरं कोणाची, तर मी ज्यांच्या निशाणाला अंगठा दाखवला त्यांची.

आणि घर? घर पडलं ते अमेरिकन बॉम्बमध्ये.

मी विचारलं, मग तुम्ही कोणाच्या बाजूचे? असलं काहीतरी विचारायला मला कोणी सांगितलं होतं देव जाणे. ती म्हणाली, ते पातेलं जरा वर ठेवतोस का, माझा हात पुरत नाही.

आता इथे मला कोणीतरी ऐकवणार की अमेरिकेने काय काय केलं ते विसरू नका. नाही विसरत. २६ दिवस घराघरातून लढाई झाली, राजवाड्यातल्या १६० इमारतींपैकी जेमतेम दहा उरल्या, त्या काय यादी घेऊन आलेल्या पोरांनी पाडल्या नाहीत. आणि सापडलेल्या मृतदेहांचा आकडा २,८०० च्या आसपास सांगतात, किती कोणी मारले यावर आजही भांडणं आहेत, मी ती सोडवू शकत नाही. मी फक्त जेवायला गेलो होतो.

त्याच रात्री बाबांचा व्हिडिओ कॉल. ते बालाकोटने एकदम चार्ज झालेले, मागे टीव्ही चालू. "विचारलंस का रे? महाराजांचं?" मी अंगणात उभा, आत आजी उदबत्त्या काढत होती.

मी म्हणालो, हो बाबा. माहितीये त्यांना. नाव काढल्याबरोबर हात जोडले आजीबाईंनी.

हात जोडले होते हे खरं आहे, पण कोणासमोर ते तुम्हाला आता माहीत झालं.

का म्हणालो? पहिली काही वर्षं मी स्वतःला सांगायचो की बाबांना वाईट वाटू नये म्हणून. ते अर्धंच खरं आहे. "हो" म्हणून थांबता आलं असतं, हात जोडायची सजावट कशाला केली? मला वाटतं मला त्या संध्याकाळचं काहीच खरं सांगायचं नव्हतं, त्यापेक्षा खोटं सोपं पडलं. बायकोचं मत वेगळं आहे, ती म्हणते तू घाबरलास, बाबांना नाही, ग्रुपला. त्या दिवशी कुठल्याही ग्रुपवर "युद्धात असंही होतं" म्हणायची सोय होती का, ती विचारते. नव्हती. पण म्हणून मी सुटतो असंही नाही.

एक वाक्य असतं की महाराजांना व्हिएतनामच्या सर्टिफिकेटची गरज नाही. मीही ते फेकतो, लोक माना डोलावतात. पण बाबांना ते सर्टिफिकेट एवढं का हवं होतं याचं उत्तर त्यात नाही, आणि त्यांना विचारायची माझी हिंमत नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गडावरच्या सगळ्या मंडळींना सांगितलं, माझा मुलगा स्वतः विचारून आला. आता गुडघ्यांमुळे चढणं बंद आहे, मंडळी घरी येतात, बाबा अजून सांगतात, आणि मी तिथे असलो तर माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. म्हणजे तुम्ही सगळे जे मला विचारत येता ते कुठून येता, तर तिथूनच येता.

गेल्या दिवाळीत नागपूरच्या चुलतभावाने मला फॉरवर्ड पाठवला. तोच, मंत्रीबाई, रायगडची माती, सगळं तसंच. फक्त शेवटी एक नवी ओळ होती: "साताऱ्याचे एक गृहस्थ स्वतः व्हिएतनामला जाऊन याची खात्री करून आले आहेत. तेथील वृद्ध महिला महाराजांचे नाव ऐकताच हात जोडतात."

मी लगेच त्याला लिहिलं की अरे हे खोटं आहे, असं काही नाहीये तिकडे.

त्याचं उत्तर आलं, "दादा, शेवटपर्यंत वाच ना. एक जण स्वतः जाऊन आलाय."