घरबसल्या न होणारी ऑनलाइन पदवी

फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरची, म्हणजे स्वतः निदान आणि उपचार करणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिकेची, पदवी ऑनलाइन घेते आहे असे सांगितले, की भारतातल्या नातेवाइकांना वाटते सगळे घरबसल्या चालले आहे. व्याख्याने संगणकावर होतात हे खरे. पण अमेरिकेतील सध्याच्या राष्ट्रीय मानकांनुसार किमान ७५० तास प्रिसेप्टरच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामात शिकवणाऱ्या अनुभवी मार्गदर्शकाच्या, देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णसेवेत काढावे लागतात.

आज टेक्सासमधल्या एका गावातल्या लहान क्लिनिकमध्ये मधुमेह असलेले एक वयस्कर शेतकरी आले होते. साखर आटोक्यात होती. परंतु मोजे काढायला सांगून मोनोफिलामेंटचा, म्हणजे पायाची संवेदना तपासण्याचा, बारीक तंतू तळव्याला वाकेपर्यंत टेकवला, तेव्हा अंगठ्याखाली त्यांना काहीच जाणवले नाही, आणि बोटांच्या बेचक्यात एक जखम निघाली, जिची त्यांना कल्पनाही नव्हती. परिचारिका म्हणून अशा जखमांचे ड्रेसिंग मी वर्षानुवर्षे करत आले आहे. आज मात्र निदान काय, उपचार कोणते, पायाच्या तज्ज्ञाकडे किती लवकर पाठवायचे, हे मला मांडायचे होते, आणि प्रिसेप्टर बाई सगळे ऐकून घेऊन प्रत्येक निर्णयामागचे कारण विचारत होत्या. हे शिक्षण मला फार मोलाचे वाटते.

१९६५ मध्ये परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो आरोग्यसेवेपासून वंचित राहिलेल्या मुलांसाठी. अशा गावांत त्या सेवेची गरज आजही तितकीच आहे.

उद्या रुग्णालयात रात्रपाळी आहे, म्हणून आजच्या नोंदी आत्ताच पूर्ण करते आहे. ते आजोबा पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणीला येतील, त्या दिवशी मी क्लिनिकमध्येच असेन.