काढा

रविवार, रात्री साडेअकरा

गॅरेजमधून गुडगुड ऐकू येतेय. यीस्ट लागलं, बिअर आंबायला लागली. आनंद व्हायला हवा, पण कालपासून एकच वाक्य डोक्यात अडकलंय.

काल गंज चुलीवर होता आणि नेमका मावशीचा व्हिडिओ कॉल. "तो एवढा मोठा गंज कायचा वं?" आई क्षणभरही थांबली नाही. "पोरगा काढा करून रायला. खोकल्याचा."

काढा!

बरं, सकाळपासून तीच माझ्याबरोबर उभी होती. भरडलेले जव ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, तर भांड्याभोवती गोधडी तिनेच गुंडाळली. माझी मुलगी चिऊ थर्मामीटर घेऊन दर दहा मिनिटांनी आकडा ओरडत होती. दोन दाणे चावून आई म्हणाली, "गोड हाय." असणारच. मोड आणून सुकवलेलं धान्य. चिऊ लहान असताना नाचणीचं सत्त्व असंच करून डब्यांतून पाठवायची की ही. यीस्टच्या वेळी तर मलाच दटावलं, "गरम दुधात विरजण टाकते का कोणी? निवू दे." म्हणजे सगळं कळत होतं. तरी काढा.

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. घराचे हप्ते भरतो. कायदा वाचून ठेवलाय. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टरनी १९७८ साली सही केली, तेव्हापासून घरापुरती बिअर करायला केंद्राची मुभा आहे. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन. टेक्ससचीही हरकत नाही. आम्ही केली ५ गॅलन, म्हणजे जेमतेम पन्नास बाटल्या. इथे बंदी आहे ती विक्रीला. टेक्ससमध्ये अशा कोरड्या काउंट्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात आणि माझी नोकरी नेमकी त्यातल्याच एकीत. वर्ध्यात जन्मलो, जिल्हा सत्तरच्या दशकापासून कोरडा. नशिबातच कोरडवाहू.

पण आईच्या लेखी मी अजून पुलगावच्या पुलावर सायकल धरून उभा आहे. पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. त्या पुलाचं आमच्या घरात कोणी नाव काढत नाही. बाबांचं आज लिहीत नाही.

मग मला कशाचा राग आला? तिला माझी लाज वाटली, याचा? की तिने इतक्या सफाईने थाप मारली, याचा? ही सफाई एका दिवसात येत नाही. किती वर्षं, किती जणांना, कशाकशाचे काढे सांगितले असतील तिने.

रात्री जेवताना मी गप्प होतो. जरा जास्तच गप्प, कोणीतरी विचारावं म्हणून. कोणी विचारलं नाही. चिऊने मात्र भलतंच काढलं. "बाबा, गुरुवारी शेजारच्या आजोबांनी पोतं बघून विचारलं, तेव्हा तू रूट बिअर म्हणालास ना?"

म्हणालो होतो. रूट बिअर म्हणजे नुसतं बिनदारूचं गोड सोडापाणी. ते चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात, मुलीचे मित्र त्यांची नातवंडं. पोतं उचलतानाच तोंडातून निघून गेलं, तेही हसतहसत. आईपेक्षा अर्धा सेकंद लवकरच असेन.

"आजी म्हणते काढा, तू म्हणतोस रूट बिअर. मग आहे काय ते?"

"बिअर," मी म्हणालो. स्वतःच्या घरात, खिडक्या बंद असताना, आवाज खाली आणून. आई हसायला लागली. ठसकाच लागला तिला. चिऊने पाणी दिलं आणि म्हणाली, "आजी, काढा देऊ?"

आता हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती सुकी फुलं, म्हणाल तर कडू आहेतच. तासभर उकळले तेव्हा घराला जो वास सुटला, तो खोकल्याच्या कुठल्याही औषधाला शोभला असता. पंधरा दिवसांनी बाटल्या भरायच्या, मग साखरेवर आणखी दोन आठवडे मुरू द्यायच्या. आईचं परतीचं तिकीट त्यानंतरचं आहे. चव घेणार का, हे मी विचारलेलं नाही.

आत्ता झोपायला जाताना तिने फोन माझ्या हातात दिला. मावशीचा मेसेज. तिचा खोकला तीन आठवडे हटत नाहीये, कृती पाठव.

"तूच लिही," आई म्हणाली. "जव लिही, तो कडू पाला लिही. विरजणाचं नको लिहू."