पांढरं पडलेलं क्लॅडिंग : चार चाकं, चार उपाय

गाडी २०१३ ची फोर्ड इकोस्पोर्ट. बाबांनी घेतली, आता मी चालवते. अकोल्यात घरासमोर उघड्यावरच उभी असते, त्यामुळे बारा उन्हाळे तिने अंगावर घेतलेत. पत्र्याचा रंग पॉलिशनंतर छान उजळला, पण क्लॅडिंग, म्हणजे बाहेरचं काळं प्लास्टिक (चाकांवरच्या कमानी, दारांखालची पट्टी आणि दोन्ही बंपरचे खालचे भाग), चुलीतल्या राखेसारखं झालं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून या गाडीचा प्रत्येक मूळ भाग मला जपावासा वाटतो. म्हणून काहीही बदलायचं नाही, आहे तेच पुन्हा काळं करायचं असं ठरवलं.

आधी हे पांढरं म्हणजे काय ते नीट समजून घेतलं, कारण सगळी मेहनत त्यावरच अवलंबून आहे. कमानीच्या आतल्या बाजूला पीपी आणि ईपीडीएम असा ठसा आहे. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम हे त्यात मिसळलेलं रबर. काळा रंग वरून दिलेला नाही, तो प्लास्टिकमध्येच कालवलेला आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने वरच्या पातळ थरातल्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. खडीसाखरेचा खडा काचेसारखा असतो, तोच कुटला की पांढरा दिसतो. इथेही तेच होतं. रंग गेलेला नसतो, भेगाळलेल्या थरावर उजेड विखुरतो. तेल लावल्यावर पट्टी लगेच काळी का दिसते तेही यातून कळतं. भेगा भरतात, आणि कोरडा काळा दगड पावसात भिजल्यावर दिसतो तशी ती दिसते. वाळली की पुन्हा होती तशी.

बाबा दर दसऱ्याला पूजेआधी बंपरला खोबरेल तेल लावायचे. आठवडाभर गाडी झकास दिसायची. त्या तेलाचं पुढे काय झालं ते खाली येईलच.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी सुरुवात केली. चार कमानींना चार वेगळे उपाय आणि मागच्या बंपरची एक वीतभर पट्टी तशीच सोडायची, तुलनेसाठी. पुढची डावी हीट गनला (खूप गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र), मागची डावी खोबरेलाला, पुढची उजवी सिलिकॉनवाल्या दुधाळ ड्रेसिंगला (प्लास्टिकवर चोळायचं चमक आणणारं द्रव), आणि मागची उजवी प्लास्टिकसाठीच्या सिरॅमिक कोटिंगला (सुकून कडक पातळ थर धरणारं द्रव). आमच्याकडे दुपारनंतरचं ऊन एकाच बाजूवर येतं, म्हणून दर रविवारी गाडी उलटी लावत गेले. हे केलं नसतं तर तुलनेला काही अर्थच राहिला नसता.

मी अंगणात ब्रश घेऊन बसलेली बघून गल्लीतले पेंटर काका थांबले. "ताई, कायले घासता एवढं? दोन हात काळ्या पेंटचे मारून देतो, नवीन दिसन." त्यांचा हात चांगला आहे, त्यांनी रंगवलेला दरवाजा मी पाहिलाय. पण पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहजी धरत नाही, त्यासाठी प्लास्टिकचा वेगळा प्रायमर आधी लागतो, आणि चाकाने उडवलेले खडे सगळ्यात जास्त कमानीवरच बसतात. एकदा टवका उडाला की रंग तिथून सुटत जातो. शिवाय दाणेदार पोत रंगाखाली बुजतो, आणि मला तो पोतच हवा होता. हे सांगितल्यावर काका खाली बसले आणि फार उपयोगाची गोष्ट दाखवून गेले. पत्रा आणि कमान यांच्या फटीत जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवायचं, कमान किंचित उचलली जाते, मग मास्किंग टेपची कड आत खोचायची. टेप नुसती कडेवर चिकटवली तर केसाएवढी पांढरी रेघ उरते. आत खोचली की उरत नाही.

आता धुलाई. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण काम इथेच होतं. साध्या शाम्पूने धुतल्यावर मला वाटलं झालं. कमानीवर पाणी शिंपडलं तर थेंब गोळे होऊन उभे. ऊन खाऊन भेगाळलेलं स्वच्छ प्लास्टिक पाणी पसरू देतं. थेंब उभे राहतात याचा अर्थ वर अजून तेल किंवा सिलिकॉन आहे. मग डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रव, एकाला दहा पाण्यात मिसळून, मऊ केसांच्या ब्रशने गोल गोल घासलं. पहिल्या खेपेला फेस चहासारखा तपकिरी आला. ही अनेक दसऱ्यांच्या खोबरेलात बसलेली धूळ. दुसऱ्या खेपेला फिकट, तिसऱ्या खेपेला पांढरा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि जुन्या पांढऱ्या बनियनचा तुकडा दाबून फिरवला. तुकडा काळसर होत राहिला तोवर पुसत राहिले. चौथ्या तुकड्यावर डाग आला नाही आणि पाणी पसरलं, तेव्हा थांबले. एका कमानीला पावणेदोन तास. स्वयंपाकघरातली हिरवी घासणी किंवा सँडपेपर लावायचा मोह होतो, पण दाणे घासले गेले तर ते परत येत नाहीत.

कडेला माझ्याच आधीच्या पॉलिशचे पांढरे ठिपके दाण्यांमध्ये सुकून बसले होते. ते अल्कोहोलनेही पूर्ण निघेनात. शेवटी पेन्सिलचा साधा खोडरबर चालला. हलका दाब देऊन एका दिशेने ओढायचा. खोडरबराच्या वळ्या होतात आणि पॉलिश त्यांना चिकटून बाहेर येतं. मग कोरड्या टूथब्रशने झटकायचं. ठिपक्याच्या जागी एकेक काळा दाणा उघडा होताना बघणं हा या सगळ्या खटाटोपातला माझा सगळ्यात आवडता भाग.

धुतल्यावर रात्रभर वाळू दिलं. दाण्यांमध्ये आणि फटींत पाणी अडून राहतं.

हीट गन साधारण दहा सेंटिमीटरवर धरून सतत हलवत नेली. राखाडी पट्टी डोळ्यांदेखत काळी होत जाते, वरचा भेगाळलेला थर वितळून पुन्हा सांधला जातो म्हणून. पण पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे चुकीला जागा फार थोडी. खालच्या कोपऱ्यात हात दोनतीन सेकंद अडखळला आणि दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेचे दाणे बसले. ती जागा आता कायमची गुळगुळीत आणि चमकदार आहे. मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही गाडीजवळ गेले की आधी तिथेच नजर जाते. तुम्ही करणार असाल तर आधी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर हात बसवा. शेजारी रबर, टेप किंवा रंगवलेला पत्रा असेल तर जाऊच नका.

खोबरेल त्या सकाळी बाटलीत थिजलेलं होतं, कोमट पाण्यात ठेवून पातळ केलं. ड्रेसिंग स्पंजने लावलं. दोन्हींबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

कोटिंगला मात्र बैठक लागली. एका वेळी हाताच्या पंजाएवढीच जागा. मऊ कापडावर चारपाच थेंब, आडवं मग उभं फिरवायचं, मिनिटभराने दुसऱ्या कोरड्या फडक्याने जास्तीचं टिपायचं. टिपलं नाही तर तेलकट चट्टा तसाच सुकतो. पुढे चोवीस तास पाणी नाही. चारही कमानी मिळून वीस मिलिलिटरच्या आसपास लागेल असा माझा अंदाज होता आणि तो पुढे बरोबर निघाला.

मार्च. खोबरेलाची कमान आठव्या दिवशी धुळीने मातकट झाली. बोट फिरवलं तर बोटाला चिकट चिखल. धुतली आणि संपलं. ड्रेसिंग पाचव्या आठवड्यात फिकं पडलं. कोटिंग आणि हीट गन दोन्ही जशीच्या तशी.

मे महिन्यात एका दुपारी इन्फ्रारेड थर्मामीटरने कमान मोजली, ६८ अंश. अशा पृष्ठभागावर काहीही लावू नका, पसरायच्या आधीच सुकतं. त्या महिन्यात मी काम बंदच ठेवलं. तुलना चुकू नये म्हणून ड्रेसिंग मात्र पुन्हा लावलं होतं, आणि वळवाच्या पहिल्याच सरीत त्याचे ओघळ खालच्या पट्टीवर आले.

ऑगस्टअखेर हीट गनच्या कमानीचा वरचा, आभाळाकडे तोंड असलेला भाग पुन्हा धुरकट दिसू लागला. उभा भाग अजून चांगला आहे. तिथे पुन्हा गरम करता येईल, पण दर वेळी त्याच थराची झीज होते, आणि सूर्य काही थांबत नाही. कोटिंगची कमान पावसाळाभर धुतली गेली आणि ओल्या फडक्याने पुसली की फेब्रुवारीतल्या फोटोशी जुळते. सप्टेंबरात बाकीच्या तिन्ही कमानी, दारांखालची पट्टी आणि पुढचा बंपर त्याच पद्धतीने केले. हीट गनवाल्या कमानीवर कोटिंग छान बसलं, फक्त ती नाण्याएवढी जागा वेगळी दिसते.

दसऱ्याला बाबांनी पूजा केली. तेलाची बाटली त्यांनी आणली होती, पण पुढच्या बंपरवरून हात फिरवून परत आत नेऊन ठेवली. हळद-कुंकू नेहमीसारखं लावलं, पुढेही आणि मागच्या बंपरवरही, मी सोडलेल्या त्या वीतभर पट्टीवर. दुसऱ्या दिवशी पुढचं कुंकू ओल्या कापडाच्या एका फटकाऱ्यात निघालं. मागच्या पट्टीवर ते दाण्यांत उतरलंय, ब्रशनेही गुलाबी छटा राहिली. हळद उन्हाने उडेल. मागचा बंपर दिवाळीनंतर, सकाळी गारवा आला की.