मार्गारीनची पणती आणि हरवलेली तिथी

नाझी छळछावण्यांविषयी कुठेही बोलणं झालं की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो: "एवढं भोगून त्या ज्यू लोकांची देवावरची श्रद्धा टिकली तरी कशी?" तुम्हीही तोच विचारलात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पहिलं उत्तर सरळ आहे. पुष्कळांची टिकली नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ज्यांची टिकली, त्यांच्या बाबतीतही "टिकली" हा शब्द मला जरा गुळगुळीत वाटतो. त्यांच्या हकिगती बारकाईने वाचल्या तर श्रद्धेपेक्षा कामं जास्त दिसतात. दिवस मोजणं, चरबी वितळवणं, शिंग पोखरणं, कागद लपवणं. "कशी टिकली" ते मला ठाऊक नाही, पण "काय काय केलं" ते सांगता येतं.

सुरुवात तिथीपासून. छावणीत कॅलेंडर नाही, घड्याळ नाही. वार मात्र बहुधा कळायचा, कारण आउशवित्झसारख्या ठिकाणी बऱ्याच तुकड्यांना रविवारी काम नसे. रविवार कळला की आदला दिवस शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. सण कळणं अवघड. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. महिने २९ किंवा ३० दिवसांचे, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ अधिक मास. आपला अधिक मास जागा बदलतो, त्यांचा कायम अदार महिन्यातच येतो, एवढाच फरक. त्यामुळे पंचांग बघणाऱ्या घरातल्या माणसाला हे गणित लगेच उमगतं.

तोंडी हिशोबाची रीत अशी: एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग. (१०८० भागांचा एक तास.) चार पूर्ण आठवडे सोडून द्यायचे आणि दर महिन्याला आधीच्या वार-वेळेत १ दिवस, १२ तास, ७९३ भाग मिळवत जायचं. शिवाय वर्षारंभ, म्हणजे रोश हशाना, रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायचा नाही. तो टळावा म्हणून हेश्वान आणि किस्लेव हे दोन महिने गरजेप्रमाणे २९ किंवा ३० दिवसांचे करतात.

चूक होते ती इथेच. १९४४ साली रोश हशाना सोमवारी, १८ सप्टेंबरला होता. पहिला महिना तिश्री नेहमी ३० दिवसांचा, तिथवर ठीक. दुसरा हेश्वान. एरवीच्या सवयीने तो २९ चा धरला तर पुढच्या किस्लेवमधला हनुक्का हा दिव्यांचा सण एक दिवस आधी येतो. पण ते वर्ष ३५५ दिवसांचं होतं, हेश्वानही ३० आणि किस्लेवही ३०. हे कळायला पुढच्या वर्षाचा आरंभ कुठल्या वारी पडतो तेही काढावं लागतं. (तो शनिवार निघतो, ८ सप्टेंबर १९४५.) म्हणजे पुढचा सप्टेंबर आपण बघू की नाही याची खात्री नसलेल्या माणसाला आजची तिथी काढण्यासाठी पुढचा सप्टेंबर आधी मोजावा लागे. बरोबर हिशोबाने पहिला दिवा १० डिसेंबर १९४४ च्या संध्याकाळी लावायचा, कारण त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो.

आणि मोजणीच तुटली तर? आजारपणात शुद्ध हरपली, बंद मालगाडीत किती दिवस गेले कळलंच नाही, मग? याचं उत्तर तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात शतकानुशतकं तयार होतं, वाळवंटात वाट चुकलेल्या प्रवाशासाठी दिलेलं. वार विसरलास तर ज्या दिवशी ध्यानात आलं तिथून सहा दिवस मोज आणि सातवा पाळ. पण कुठलाही दिवस शब्बाथ असू शकतो, म्हणून रोज जगण्यापुरतंच काम कर. ज्याला चोवीस तास सक्तीने राबवलं जातंय त्याला दुसरं वाक्य पाळता येत नाही. पहिलं मनातल्या मनात पाळता येतं.

आता पणती. ह्यूगो ग्रिन हा बेरेहोवो गावचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. आउशवित्झमधून तो वडिलांबरोबर जर्मनीतल्या लीबेरोझे छावणीत आला. नाव कानाला "लाडका गुलाब" असं लागतं. जागेला इतकं न शोभणारं नाव शोधून सापडणार नाही. १९४४ च्या हिवाळ्यात वडिलांनी काही जणांना बराकीच्या कोपऱ्यात नेलं, आज हनुक्का लागतोय म्हणून सांगितलं, मातीचं एक वेडंवाकडं भांडं काढलं आणि स्वतःच्या वाट्याचं मार्गारीन वितळवून त्यात वात लावायला घेतली. मुलगा कळवळला: हे खायचं आहे, जाळायचं नाही. वडिलांच्या उत्तराचा आशय असा, की अन्नावाचून तीन आठवडे आणि पाण्यावाचून जवळपास तीन दिवस निघतात हे आपण दोघांनी पाहिलंय. आशेवाचून तीन मिनिटंही धड जगता येत नाही.

हे वाक्य आता सुविचार होऊन सगळीकडे फिरतं, आणि फिरताना त्यातलं मार्गारीन गळून पडतं. माझ्या मते महत्त्वाचं तेच आहे. संध्याकाळचा शिधा आउशवित्झमध्ये साधारण ३०० ग्रॅम काळा पाव आणि सोबत २५ ग्रॅमच्या आसपास सॉसेज किंवा मार्गारीन किंवा चमचाभर जॅम, असा असे. म्हणजे मुलाची तक्रार शंभर टक्के रास्त होती.

त्या हकिगतीत मार्गारीन "वितळवलेलं" आहे हेही वाचताना निसटतं. ते उगाच नाही. मार्गारीन म्हणजे चरबी आणि पाणी एकजीव केलेलं मिश्रण, आपल्या लोण्याच्या जातीचं. निरांजनात आपण तूप घालतो, लोणी घालत नाही. लोण्यात वात ठेवली तर तडतडते, धुरकटते आणि विझते. मंद आचेवर वितळवून न हलवता ठेवलं की पाणी खाली बसतं. वरची नितळ चरबी तेवढी अलगद ओतून घ्यायची. दोरा आधी त्या चरबीत पूर्ण भिजवायचा, कोरडा लावला तर तोच जळून जातो. भांडं लहान आणि खोलगट हवं. पसरट भांड्यात, गोठवणाऱ्या थंडीत, ज्योतीपासून बोटभर अंतरावर चरबी पुन्हा थिजते आणि वातीची उपासमार होते.

हनुक्काचे आठ रात्रींचे दिवे १ पासून ८ पर्यंत चढत जातात, बेरीज ३६. तेवढी चरबी छावणीत कुठून येणार? पण नियमाला घरामागे रात्री एक दिवा पुरतो. तो अर्धा तास जळेल एवढं इंधन लावताना असावं लागतं, बारीक वातीला दोन-तीन ग्रॅम. आणि पुरेसं इंधन घालून लावलेला दिवा मध्येच विझला, तर पुन्हा लावायची सक्ती नाही. लावणं हेच कर्तव्य.

सगळ्या गोष्टी अशा भागवता येत नाहीत. प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या तेफिलीनच्या पेट्यांत लेखनिकाने चर्मपत्रावर लिहिलेला मजकूर लागतो, तो बराकीत बनत नाही. शोफार, म्हणजे रोश हशानाला फुंकायचं शिंग, मात्र एकाने बनवलं. पोलंडमध्ये स्कार्झिस्को-कामियेन्ना इथे हासाग कंपनीचा दारूगोळ्याचा कारखाना आणि गुलाम कामगारांची छावणी होती. १९४३ मध्ये तिथले राडोशित्से गावचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) फिंकलर यांनी मोशे विंटरटर या धातुकाम करणाऱ्या कैद्याला शोफार करायला सांगितलं. पहारेकऱ्याला लाच देऊन शिंग मागवलं, तर त्याने आणलं बैलाचं. ते चालत नाही. पूर्वजांनी सोन्याचं वासरू पुजलं त्या पापाची आठवण देणारं शिंग देवापुढे रदबदली कशी करणार, असा त्यामागचा विचार. पुन्हा लाच, तेव्हा मेंढ्याचं आलं.

मेंढ्याचं शिंग टोकापर्यंत पोकळ नसतं. आतला हाडाचा गाभा काढावा लागतो, टोक कापावं लागतं आणि उरलेल्या भरीव भागातून पोकळीपर्यंत भोक पाडावं लागतं. हात किंचित तिरका गेला की भोक बाजूच्या भिंतीतून बाहेर. लांबीच्या दिशेने आरपार तडा गेला तर शोफार बाद. हे सगळं शस्त्रांच्या कारखान्यात, मालकाच्या हत्यारांनी, चोरून. वर्षारंभाच्या आदल्या दिवशी, २९ सप्टेंबर १९४३ ला, ते रब्बींच्या हातात पडलं. आज ते जेरुसलेमच्या याद वाशेम संग्रहालयात आहे.

आता नियमांकडे, कारण बाहेरच्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. लोकांना वाटतं, धर्म पाळणारे हट्टाने उपाशी राहिले असतील. काही राहिलेही. पण ज्यू धर्मशास्त्रात जीव वाचवणं जवळजवळ प्रत्येक आज्ञेच्या वर आहे. १९४४ चा वल्हांडण सण ७ एप्रिलच्या संध्याकाळी लागला. बेर्गेन-बेल्झेनमध्ये बेखमीर भाकर नव्हती, खमिराचा पाव तेवढा होता, आणि तो खाणं त्या आठवड्यात निषिद्ध. तिथल्या डच रब्बींनी तो पाव खाण्याआधी म्हणायची एक प्रार्थना रचली. तिचं सार असं: तुझी आज्ञा पाळायची आमची इच्छा तुला ठाऊक आहे, गुलामी आड येते आहे, आज्ञांनी जगावं, मरू नये, हीही तुझीच आज्ञा, ती आता पाळतो. मग पाव खायचा.

लिथुआनियातल्या कोव्नो घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, रब्बी एफ्राइम ओश्री यांच्याकडे लोक असेच प्रश्न घेऊन येत. जर्मनांनी जप्त केलेल्या ज्यू ग्रंथांच्या कोठारावर त्यांनाच नेमलं होतं, त्यामुळे संदर्भ हाताशी होते. सिमेंटच्या पोत्यांचे कागद फाडून त्यावर ते प्रश्नोत्तरं टिपत आणि डब्यांत घालून पुरून ठेवत. युद्धानंतर ती उकरून काढली आणि छापली. त्यातला एक प्रश्न: रोज सकाळी "मला गुलाम केलं नाहीस" म्हणून देवाचे आभार मानायचे असतात, आम्ही तर गुलामच आहोत, मग ते खोटं कसं म्हणायचं? ओश्रींनी सांगितलं, म्हणायचंच. ते आभार शरीराच्या मोकळेपणाचे नव्हतेच कधी. हा निर्णय पटो न पटो, असा प्रश्न तिथे कुणाला पडला हेच मला जास्त मोलाचं वाटतं.

"मग देव भेटला का कुणाला?" असं पुढे विचारलं जातंच. ग्रिन यांनी स्वतःपुरतं सांगून ठेवलंय. २७ सप्टेंबर १९४४, बुधवार, योम किप्पुर हा प्रायश्चित्ताचा दिवस, पण छावणीत कामाचाच. इन्सुलेशनच्या फळ्यांच्या थप्प्यांत तो मुलगा लपून बसला, आठवतील त्या प्रार्थना पुटपुटला आणि बराच वेळ रडला. देवही रडतोय असं तेव्हा त्याला वाटलं. सोडवायला धावून येणारा लहानपणीचा देव हा नव्हे, हेही त्याला कळलं.

वडील मे १९४५ मध्ये सुटकेनंतर थोड्याच दिवसांत वारले. मुलगा इंग्लंडला गेला, केंब्रिजला शिकला, अमेरिकेत रब्बी झाला. त्याची पहिली नेमणूक कुठे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं: मुंबई, १९५७ ते १९६०. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये स्थापलेल्या ज्यूइश रिलिजस युनियनमध्ये. मंडळी बहुतेक बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू. त्यांच्या पूर्वजांना कोकणात "शनवार तेली" म्हणत, कारण बाकी बरंच विसरूनही त्यांनी एक मोजणी तुटू दिली नव्हती. शनिवारी घाणा बंद.