टॉर्क रिपल कमी झाला, सेन्सरची फाइल मात्र हलली नाही

इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क रिपल, म्हणजे तिच्या फिरवणाऱ्या जोरातली (टॉर्कमधली) थरथर, लर्निंग कंट्रोलने, म्हणजे आधीच्या फेरीच्या चुकांवरून शिकणाऱ्या नियंत्रणाने, कमी करायचा, हा माझा एम.टेक.चा प्रोजेक्ट. मोटर, ड्राइव्ह, बोर्ड सगळं लॅबमध्ये होतंच. अडलं ते टॉर्क सेन्सरवर, म्हणजे खरं तर कॉलेजच्या खरेदी विभागात.

फिरत्या शाफ्टवरचा टॉर्क क्षणाक्षणाला दाखवणारा सेन्सर महाग असतो. नागपूरची हिंगणा एमआयडीसी पालथी घालून तीन कोटेशन जमवली. मग कळलं की ही वस्तू जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर मिळत नाही असा रिपोर्ट आधी जोडावा लागतो. तो काढायला गेलो, तर तिथल्या बाबूंनी नुसतं ‘टॉर्क’ टाकून शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. “हे काय, आहे न भाऊ! अन् स्वस्तही आहे.” तो टॉर्क रेंच होता. नट आवळायचा पाना! समजावून सांगितलं तर म्हणे, “मोटर तर फिरून राहिली न तुमची? मग आता काय मोजून राहिले?”

मग दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत असं विभागप्रमुखांचं पत्र. त्यावर शिक्का नाही म्हणून परत. मग मार्च एंड. मग साहेब पुतणीच्या लग्नाला. तुम्ही मागणीपत्रात पहिल्यापासूनच ‘शाफ्टवर बसणारा रोटरी डायनॅमिक टॉर्क सेन्सर’ असं लांबलचक लिहा, नाहीतर पानाच दाखवतील.

मे उजाडला, पारा 45 वर, तेव्हा सेन्सरचा नाद सोडला. हळू फिरणाऱ्या मोटरमध्ये टॉर्कची थरथर वेगात उतरते आणि वेगासाठी एन्कोडर (शाफ्टची स्थिती मोजणारा सेन्सर) होताच. माझी मोटर 8 पोल (रोटरच्या चुंबकांचे ध्रुव), 12 स्लॉटची (स्टेटरमधल्या वायंडिंगच्या खाचा). कॉगिंगचे, म्हणजे करंट नसतानाही चुंबक स्टेटरच्या दातांकडे ओढले गेल्याने बसणारे, एका फेरीत 24 हेलकावे. चुंबकांच्या फ्लक्सच्या पाचव्या-सातव्या हार्मोनिकचा (मूळ लहरीच्या पाचपट-सातपट वारंवारतेच्या लहरींचा) रिपलही हिच्यात नेमका 24 वरच येतो. 30 आरपीएमला ते 12 हर्ट्झ, स्वच्छ दिसतं. 1500 ला तेच 600 हर्ट्झ होतं आणि रोटरचं जडत्व ते गिळून टाकतं. म्हणून शिकवायचं ते हळू वेगातच.

पद्धत जपानी संशोधक आरिमोतोंनी 1984 साली रोबोटसाठी मांडलेली, इटरेटिव्ह लर्निंग. रोटरच्या प्रत्येक स्थितीला वेगाची चूक किती, ते टेबलात साठवायचं आणि पुढच्या फेरीत तिथेच करंटची आज्ञा तेवढी दुरुस्त करायची. टेबल वेळेवर नाही, स्थितीवर बांधा. दुरुस्ती लॅग (आज्ञा आणि परिणाम यांतला उशीर) धरून थोडी आधी द्या, नाहीतर रिपल उलट वाढतो. फर्गेटिंग फॅक्टरही, म्हणजे दर फेरीला जुनं शिकलेलं थोडं विसरायला लावणारा गुणक, हवाच. नाहीतर नॉइज साठत जातो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: एफएफटीत (सिग्नलमधल्या वारंवारता सुट्या करून दाखवणाऱ्या आलेखात) फेरीला 4 हेलकाव्यांवर सुळका दिसला तर करंट सेन्सरचा ऑफसेट (शून्याला शून्य न दाखवण्याची चूक) तपासा, 8 वर दिसला तर फेजमधला गेनचा (मोजमापाच्या पटीचा) फरक. ते कॅलिब्रेशननेच काढा, लर्निंगच्या गळ्यात घालू नका.

24 चा सुळका खाली बसला त्या रात्री गाइड सरांना फोटो पाठवल्याशिवाय राहवलं नाही. अर्थात कॉगिंग लोडवर अवलंबून नसतं, हार्मोनिकचा रिपल मात्र करंटबरोबर वाढतो. त्यामुळे नो-लोडचं (मोटरवर भार नसतानाचं) टेबल लोडवर पुरत नाही, तिथे पुन्हा शिकवावं लागतं.

व्हायवात परीक्षकांनी विचारलंच, “टॉर्क मोजला कुठे?” वेग आणि जडत्वावरून काढला म्हणालो, चाललं. सेन्सर त्यानंतर मंजूर झाला. आता ज्युनियर कपलिंगसाठी (सेन्सर शाफ्टला जोडणारा भाग) नवी फाइल घेऊन फिरतोय. तेवढं कपलिंग सेन्सरच्याच मागणीपत्रात लिहून टाका.