आईचा गॅस आणि ओला फडका

आई पाटण तालुक्यात गावाकडं एकटी राहते, मी साताऱ्यात. तिचा खोकला काही केल्या जाईना म्हणून मागच्या महिन्यात तिला इथं डॉक्टरांकडं नेलं. नळीत फुंकायला लावून तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, विडी ओढता का?" आई एवढी चिडली की तिला परत ढासच लागली. मग त्यांनी विचारलं, "चूल किती वर्षं?"

"कळतंय तवापासनं."

निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसून दम लागणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बायकांना हे दुखणं पुष्कळदा चुलीच्या धुरानं होतं, असं ते म्हणाले.

घरी गॅस नाही असं नाही. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, त्यातूनच नंतर आमच्याकडं शेगडी आली. पण १४.२ किलोची टाकी आई सात-सात महिने पुरवते. चहा आणि पाहुणेरावळे, एवढ्यालाच गॅस. भाकरी, कालवण, अंघोळीचं पाणी सगळं चुलीवर. दर आठ-पंधरा दिवसांनी ती टाकीवरनं ओला फडका फिरवते आणि बघत उभी राहते. आत पातळ गॅस जिथवर असतो तिथवर पत्रा गार राहतो, तिथली ओल उशिरा वाळते. वरचा भाग आधी कोरडा पडतो. त्या रेघेवर बोट टेकवून मला फोनवर सांगते, "अजून ईतभर हाय." पैसे मी भरतो म्हटलं, तरी मोजणं काही सुटत नाही.

पावसाळ्यात तर हाल विचारू नका. सरपण कितीही झाकलं तरी आमच्याकडच्या पावसात सादळतंच. निम्मी आच त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, उरतो तो धूर. फुंकणी घेऊन ती तोंड चुलीत घालूनच बसलेली असते. दार उघडावं तर झड आत येते. चुलीवरच्या दांडीवर वाळवलेल्या गोधड्यांना दिवाळीपर्यंत धुराचा वास.

त्यात लाइट. कोयनेचा १,९६० मेगावॉटचा प्रकल्प आमच्याच तालुक्यात अडवलेल्या पाण्यावर चालतो, आणि पावसात तार तुटली की आमच्या वाडीला दोन-दोन दिवस अंधार. (यावर गावात आता कुणी हसतसुद्धा नाही.) सातला जेवून आई अंथरुणावर पडते, दोनला टक्क जागी. मग काय करतीस, विचारलं तर म्हणते, "काय करनार, इचार." चार्जिंग राखायचं म्हणून फोनही बंद करून ठेवते. इकडं मी रात्रभर 'स्विच ऑफ' ऐकत बसतो. डॉक्टरांनी "झोप लागते का?" विचारलं, तेव्हा मात्र बेधडक म्हणाली, "लागती की."

आठ दिवस राहा म्हणून तिला घरी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेलो, तर ही आमच्या टाकीपुढं वाकून उभी, हातात ओला फडका.

"निम्मीच हाय रं," म्हणाली. "सूनबाईला सांग, पाणी उन्हात ठिवत जा."