पुढच्या डाव्या चाकाची टकटक कशी सापडली

पावसाळा संपत आला तसा आमच्या हॅचबॅकच्या पुढच्या डाव्या बाजूने आवाज यायला लागला. साताऱ्याहून मेढ्याच्या दिशेने निघालं की उखडलेल्या पॅचवर हमखास टकटक, गुळगुळीत रस्त्यावर गाडी अगदी शांत. वेग वीस-पंचवीसच्या आसपास असला की जास्त.

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी चालवून न बघताच निकाल लागला: "ताई, दोन्ही शॉकअप गेलेत, माउंटिंगसकट बदलू." शॉकअप म्हणजे चाकाचे धक्के शोषणारे, आत तेल असलेले दांडे. मी विचारलं, तेल कुठे गळतंय? दोन्ही कोरडे होते. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला तर गाडी एकदा वर येऊन जागेवर थांबत होती. एवढ्यावरून शॉकअप चांगले आहेत असं ठरत नाही, हे मलाही माहीत आहे. पण हजारो रुपयांचा भाग बदलायचा तर कारण दिसायला हवं. मी गाडी परत आणली.

मग आवाज नेमका कधी येतो ते बघायला लागले. आधी डिकीतला जॅक, पाने, स्टेपनी सगळं बाहेर काढलं. आवाज तसाच. खराब रस्त्यावर ब्रेक हलका दाबून धरला, तरी येतच होता. ब्रेक पॅड सैल वाजत असते तर तेवढ्याने बहुधा थांबले असते. गाडी उभी करून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. स्प्रिंग अडकून सुटल्यासारखं काही जाणवलं नाही, म्हणजे शॉकअपच्या वरच्या बेअरिंगवरचा संशय कमी झाला. पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला तरी ड्राइव्ह शाफ्टची (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याची) कटकट नव्हती.

खरा धागा मिळाला तो स्पीडब्रेकरवर. सरळ गेलं, दोन्ही चाकं एकदम चढली, तर आवाज नाही. तोच स्पीडब्रेकर तिरका घेतला, एक चाक आधी चढलं, की टक! बहुतेक गाड्यांत पुढची दोन चाकं एका आडव्या सळईने जोडलेली असतात, स्टेबिलायझर बार. दोन्ही चाकं एकत्र वरखाली झाली तर ती सळई नुसती फिरते. एकच चाक उचललं गेलं तर तिला पीळ बसतो आणि तो ताण तिच्या टोकाच्या लिंक रॉडवर, म्हणजे सळईला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या दांड्यावर येतो. आमच्या गाडीत लिंक रॉडच्या दोन्ही टोकांना खांद्याच्या सांध्यासारखे गोळे आहेत. रबरी टोपी फाटली की आत पाणी-माती जाते, ग्रीस निघून जातं आणि गोळा वाटीत खेळायला लागतो.

हे सगळं ओळखीच्या मामांना सांगितलं. ते गाड्यांच्या खालच्या कामात मुरलेले. त्यांनी आधी एका बाजूने जॅक लावला, चाक घड्याळाच्या बारा-सहाच्या जागी, म्हणजे वर-खाली धरून हलवलं, मग तीन-नऊला, दोन्ही बाजूंना धरून. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग, चाकाजवळच्या या भागांपैकी कशातच प्ले (ढिलाई) नव्हता. लिंक रॉडही घट्ट लागला. मी जरा हिरमुसले. मामा म्हणाले, "चाक लोंबकळतंय ना, सळईने लिंक ताणून धरलाय. असा नाही सापडायचा." गाडी खाली घेतली, चाकांना दगड लावले, स्टेअरिंग पूर्ण वळवून हात शिरेल एवढी जागा केली. त्यांनी बोटं लिंकच्या वरच्या गोळ्यावर ठेवली आणि मला छताजवळ धरून गाडी हलवायला सांगितली. वरखाली नव्हे, आडवी, डावी-उजवी. दर हेलकाव्याला त्यांच्या बोटाला ठोका लागत होता. मग मीही हात लावून बघितला. स्पष्ट लागत होता!

खात्रीसाठी डावा लिंक सोडून बाजूला बांधला आणि अगदी हळू तिरका स्पीडब्रेकर घेतला. आवाज बंद. (लिंक सोडून वेगात जायचं नाही, वळणावर गाडी जास्त कलते.) उजव्याची टोपीही चिरली होती, म्हणून जोडीच बदलली. शॉकअपच्या मानाने खर्च किरकोळ. शॉकअप उतरवले असते तर व्हील अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणं) करावं लागलं असतं, नुसत्या लिंकला ते लागलं नाही.

लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मागच्या रबरी बुशला मात्र बारीक चिरा दिसल्या. सध्या आवाज नाही, पण पुढच्या पावसाळ्याआधी ते काम काढायचं आहे. मामांनी आत्ताच बजावून ठेवलंय: ते बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असतानाच. चाक लोंबकळताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो.